न मांडलेलं मेज

मृतांच्या सणाच्या आदल्या दिवशी बासिलिया पिठाची परात डोक्यावर घेऊन भट्टीवर निघाली. वायरा या इवल्याशा, बिनहवेच्या ग्रहावर कशाचंच फारसं ओझं होत नाही, पण तोल मात्र सांभाळावा लागतो. पाऊल जरा जोरात पडलं की बाई डोंगरात कोरलेल्या गल्लीच्या छताला आणि परात तिसरीकडेच! म्हणून इथल्या बायका पाय घासत चालतात आणि घागऱ्याच्या घेरात लोखंडाचे मणी शिवतात, म्हणजे घागरा जमिनीशी राहतो. बाई गल्लीत शिरली की आधी तिचे मणी ऐकू येतात.

भट्टीपुढे रांग होती. वर्षातून या एकाच सणाला खऱ्या गव्हाचं पीठ वाटलं जातं, एरवी सगळा कारभार बटाट्यावर. ज्याच्या घरातलं माणूस गेलं असेल त्याने त्या माणसाच्या चेहऱ्याची पावाची बाहुली करायची. भट्टीवाला ती लांब फळीवर ठेवतो, गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने पुकारतो आणि बाहुली आत सरकवतो. दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा वाजले की मेलेली माणसं आपापल्या घरी येतात, मेजावर आपला चेहरा ओळखतात आणि जेवायला बसतात. त्याच्या पुढच्या दुपारी बाराला त्यांना निरोप द्यायचा. असं तीन वर्षं. तिसरा निरोप झाला की माणूस सुटला, मग त्याच्यासाठी मेज मांडायचं नसतं आणि मांडून उपयोगही नसतो.

"काय गं बासिलिया, सासऱ्यांना या वर्षी तरी नाक दिलंस का? गेल्या वर्षी नुसता बटाटा चिकटवला होतास," मागची बाई म्हणाली.

"त्यांचं नाक बटाट्यासारखंच होतं. मी काय करू?"

रांग हसली. भट्टीवाला एवारिस्तोही हसला. हा म्हातारा भट्टी सांभाळायचा आणि खाणकामगारांची संघटनाही. दोन्हीकडे धग सोसायची सवय हवी, असं तो म्हणायचा. त्याने सासऱ्यांची बाहुली फळीवर ठेवली, "हिलारिओ!" असा दणदणीत पुकारा केला आणि बाहुली आत ढकलली. मग परातीवरचं फडकं झटकायला उचललं, तर खाली आणखी एक बाहुली.

मिशी होती. भांग उजवीकडे पाडलेला. आणि डाव्या पायाची करंगळी सुरीने नीट छाटलेली.

एवारिस्तोचा आवाज एकदम खाली आला. "बासिलिया… हे काय?"

"मी नाही केलं. सासूबाईंनी घातलं असणार."

"मी अजून पुकारलेलं नाही. पण एकदा पुकारलं की परत घेता येत नाही, माहीत आहे ना? आणि तिकडे बघ."

गल्लीच्या पलीकडे खाणीच्या कंपनीचे लासेन साहेब मक्याच्या जांभळ्या पेयाचा पेला हातात घेऊन उभे होते. कुणाच्या तरी लेकराच्या गालाला हात लावत होते, पण डोळे भट्टीवर होते.

बासिलियाने बाहुली उचलली. क्षणभर तिचा अंगठा त्या मिशीवरून फिरला. मग तिने मूठ आवळली आणि डोकं, हात, पाय सगळ्याचा एक गोळा करून टाकला.

"दुसरं कोणी नाही," ती म्हणाली. "एवढे सासरेच."

मोडलेली बाहुली फेर्मिनची, तिच्या नवऱ्याची. तीन वर्षांपूर्वी कंपनीने वस्तीबाहेरच्या नऊ नंबरच्या बोगद्यातले आधाराचे खांब कापायला सांगितले. खांब म्हणजे खोदताना मुद्दाम सोडलेला दगड, आणि सगळ्यात चांगला धातू नेमका त्यातच. कामगार म्हणाले, खांब कापले तर छत आमच्या डोक्यात येईल. कंपनी म्हणाली, येत नाही. अकरा जण बोगद्यात ठिय्या देऊन बसले. चौथ्या दिवशी कंपनीने 'सुरक्षेसाठी' म्हणून मोठं फाटक बाहेरून बंद केलं. दहा जण हवेच्या जुन्या नळीतून सरपटत बाहेर आले. फेर्मिन सगळ्यांना पुढे घालून मागे थांबला होता, तो आलाच नाही. प्रेत तरी द्या म्हणून बायको गेली, आई गेली, संघटना गेली. कंपनीचं एकच पालुपद, फाटक उघडणं धोक्याचं आहे. खरं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फाटक उघडलं असतं, तर कडी कुठल्या बाजूने लावली तेही दिसलं असतं.

वायरावर वस्तीच्या दाराबाहेर जाणारा प्रत्येक माणूस आपला पितळी बिल्ला दाराजवळच्या खुंटीवर लावून जातो आणि परत आला की काढून घेतो. पहिल्या वसाहतवाल्यांनी कंपनीशी करार केला तेव्हा एक कलम हट्टाने घातलं. जोवर खुंटीवर एकही बिल्ला आहे, तोवर वस्तीची हवा बंद करायची नाही. आणि बाहेर राहिलेला माणूस मेला हे कंपनीने ठरवायचं नाही. त्याच्या घरच्यांनी तीन वर्षांच्या आत त्याचं मेज मांडलं, तरच तो मेला.

आता कंपनीला अख्खा डोंगर हवा होता, वस्तीसकट. चारशे माणसं जहाजाने कुठल्याशा बराकीत नेऊन कोंबायची आणि डोंगर फोडायचा. बाकीची कलमं वकिलांनी केव्हाच कुरतडून टाकली होती. सहा महिन्यांपूर्वी खाणकाम थांबवलं, बाहेर जायचे पोशाखसुद्धा गाडीत भरून नेले, म्हणजे दुसरा बिल्ला खुंटीवर लागायलाच नको. उरलं होतं हे एक कलम, आणि खुंटीवर उरला होता एक बिल्ला. तो फेर्मिनचा. आणि हे तिसरं, म्हणजे कंपनीच्या हातातलं शेवटचं वर्ष होतं.

घरी सातुका, तिची सासू, चुलीपाशी वाळवलेले बटाटे पाण्यातून काढत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"मोडलीस ना?"

"हो."

"माझ्या लेकाचा चेहरा मोडलास."

"सासूबाई, लासेन समोर उभा होता."

"उभा राहू दे मेला! दोन वर्षं माझं पोर या दारात येऊन उपाशी गेलं. सगळ्यांची मेजं भरलेली, आणि त्याला आपल्या घरात स्वतःचा चेहरा दिसत नाही. उद्या तिसरी खेप. उद्या जेवला नाही, तर पुढे कधीच नाही. जन्मभर… कसला जन्म, मेल्यावरही भुकेलाच फिरेल."

"तो मेलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आईला सांगावं लागत नाही."

चुलीजवळ फेर्मिनचं लोखंडी स्टूल होतं, तीन वर्षं त्यावर कुणी बसलं नव्हतं. पाळी संपवून आला की तो त्यावर बसायचा, बूट काढायचा आणि बर्फासारखे पाय तिच्या पायांवर ठेवून द्यायचा. ती किंचाळायची, शिव्या घालायची. तो म्हणायचा, "तुझ्यासाठीच गार करून आणलेत." आता तिचे पाय रोज रात्री छान उबदार असायचे आणि त्या उबेचा तिला राग यायचा. तिला तो हवा होता. मेलेला की जिवंत, याचा विचार तिने केव्हाच सोडला होता. तिला तो नुसता हवा होता.

संध्याकाळी लासेन साहेब स्वतःच दारात आले. गोरेपान, मऊ आवाजाचे गृहस्थ. आजवर कुणावर ओरडल्याचं कुणी ऐकलं नाही. फाटक बंद करा हेही त्यांनी असंच हळू आवाजात सांगितलं असणार.

"उद्या तुमच्याकडे जेवायला यावं म्हणतो, बाई. सणाच्या दिवशी दारातून कुणाला परत पाठवत नाहीत ना तुमच्यात?"

"नाही पाठवत. पण साहेब, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? आमचं मेज मोजायला येताय असं सांगा की."

लासेन हसले. "तुमच्या सासूबाईंकडे बघून मला वाईट वाटतं. एवढं म्हातारं माणूस. एक पाव, एक वाटी, दोन अश्रू, की त्या मोकळ्या. तुम्हीही मोकळ्या. कुणासाठी अडवून धरलंय, बाई?"

"तो बाहेर आहे," बासिलिया म्हणाली. "आला की सांगते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच साहेब येऊन बसले, मांडीवर करार, खिशात पेन. मेजावर सासऱ्यांची बाहुली, त्यांना उतरायला पावाची शिडी, गार रस्सा, चघळायला कोकाची पानं. मृतांना सगळं गार वाढतात आणि मेजाशी मोठ्याने बोलत नाहीत. सातुका भिंतीकडे तोंड करून माळ ओढत होती.

बासिलियाला दारावर जायचं होतं. खुंटीवर बिल्ला आहे तोवर दारावर माणूस हवाच, आणि सणाच्या दुपारी बारा ते एक ही पाळी कुणाला नको असते. येणारे सगळे त्याच दाराने येतात, पण ते ठोठावत नाहीत आणि त्यांची पावलं दिसतात ती फक्त निरोपाच्या वेळी. तीन वर्षं ती पाळी बासिलियाच घ्यायची.

दार म्हणजे दोन दारं आणि मधली खोली. बाहेरच्या दाराला बारीक काच होती. काचेबाहेर ऊन स्वच्छ पडलेलं, काळाभोर आकाश आणि राखाडी उतार. बाहेर हवा नाही, त्यामुळे आवाजही नाही. बाहेरच्याने दार ठोठावलं तर कानाला काही कळत नाही, ते हाताला कळतं. म्हणून दारवाल्याने भिंतीतल्या लोखंडी पट्टीवर तळवा ठेवून बसायचं असतं. तीन ठोके म्हणजे आत घ्या. बासिलिया तळवा ठेवून बसली. पट्टी गार होती. गल्ली चिडीचूप. या तासाला सगळे आपापल्या मेजाशी मान खाली घालून बसतात. येणाऱ्याकडे बघायचं नसतं, तो लाजतो म्हणतात.

वरच्या घड्याळात बारा वाजले.

तळव्याखाली काहीतरी हललं. टक, टक. मग थांबून… टक.

वस्तीतले सगळे तीन ठोके सलग देतात. दोन देऊन, मध्ये थांबून, तिसरा देणारा एकच होता. "दोन कंपनीच्या नियमाचे, एक तुझा," असं म्हणायचा मेला. काचेतून तिने पाहिलं. उतार रिकामा. एकाही माणसाकडे पोशाख नव्हता, बाहेर कोणी असणंच शक्य नव्हतं.

टक, टक…

टक.

"आले," ती पुटपुटली. "आले रे… उघडते."

ठोका ऐकून जो दारवाला विचार करत बसतो त्याला वायरावर खुन्याहून वाईट समजतात. तिने खटका ओढला. बाहेरचं दार सरकलं, पुन्हा लागलं. मधल्या खोलीत हवा फुसफुसत भरली. तिने आतलं दार उघडलं.

खोली रिकामी होती.

पण वास आला. बोगद्यातल्या धुळीचा, उडवलेल्या फटाक्यासारखा जळका वास, आणि त्याच्या आड घामाचा. तो घाम तिने हजारात ओळखला असता. तिने चौकट धरली आणि तो वास पोटभर आत घेतला, भीती वाटत असूनही घेतला, सोडवेना तिला.

मग तिच्या बाजूच्या फरशीवर एक पाऊल उमटलं. राखाडी धुळीचं, अनवाणी. त्याच्यापुढे चार हातांवर दुसरं, वायरावर पुरुष ढांगा टाकतात तसं. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

पावलं गल्लीकडे निघाली होती, घराच्या दिशेने. घरात मेजाशी लासेन बसला होता.

बासिलियाला एका क्षणात सगळं उमगलं. मृतांच्या सणाला, बाराच्या ठोक्याला, अनवाणी पावलांनी दारातून आलेला माणूस कोण असतो, हे वस्तीत सांगावं लागत नाही. ही पावलं कुणी पाहिली, नुसतं कुणाच्या तोंडून 'फेर्मिन आला' एवढं निघालं, तर सातुकाला कोण थांबवणार? ती साहेबासमोरच मेज मांडायला उठली असती. मग बिल्ला खाली, हवा बंद आणि चारशे माणसं जहाजात.

ती त्याच्या मागोमाग चालू लागली. घागरा खाली दाबला, मण्यांचा घेर फरशीवर टेकवला, आणि एकेक पाऊल पुसत निघाली. तो उमटवत होता, ती पुसत होती. दोन्ही बाजूंना उघडी दारं, भरलेली मेजं, खाली घातलेल्या माना. मणी खुळखुळत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तीन वर्षं या पावलांची वाट पाहिली, आणि आज तीच पावलं स्वतःच्या घागऱ्याने पुसायची पाळी आली! "माफ कर," ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. "माफ कर हं… माफ कर."

उंबऱ्याशी पाऊल थबकलं. मग आत गेलं.

लासेन कागद वाचत होते. पावलं मेजापाशी गेली. मेजाला एक फेरी झाली, सावकाश. सासऱ्यांच्या बाहुलीपुढे पाऊल थांबलं आणि पुढे सरकलं. दुसरी फेरी झाली. तो आपला चेहरा शोधत होता. बासिलिया कुंचा घेऊन मागून झाडल्यासारखं करत राहिली.

"सणाच्या दिवशीही झाडलोट?" साहेब म्हणाले.

"धूळ फार येते, साहेब."

सातुकाच्या हातातली माळ थांबली. तिने नाकाने हवा ओढली. एकदा. दोनदा. तिचा चेहरा उघडत गेला. "बासिलिया…" ती म्हणाली, "हा वास…"

"गप्प राहा, सासूबाई," बासिलिया कुजबुजली. "पाया पडते. गप्प राहा."

तिसरी फेरी अर्धीच झाली. मग पावलं वळली आणि दाराकडे निघाली. आधीपेक्षा जवळ-जवळ पडत होती, थकलेल्या माणसाची पडतात तशी. एक पाऊल. दुसरं. तिसरं उंबऱ्याला टेकलं.

हे गेलं की गेलं, हे तिला कळत होतं. पुन्हा कधीही नाही. मुळीच नाही. तिच्या पोटातून जे वर आलं त्याला तिने अडवलं नाही.

"कुठे निघालास?" ती जोरात म्हणाली.

लासेननी चमकून मान वर केली. मेजाशी त्या दिवशी कुणी आवाज चढवत नाही.

"एवढा उशीर करून आलास, आणि आल्या पावली कुठे निघालास? रस्सा निवतोय तिकडे. बस!" तिने लोखंडी स्टूल पायाने चुलीपाशी ओढलं. मेजाला हातसुद्धा लावला नाही. मांडणीवरून फेर्मिनची रोजची पत्र्याची वाटी काढली, चुलीवरच्या पातेल्यातून वाफाळता रस्सा डावभर वाढला आणि वाटी स्टुलासमोर आपटली. "तीन-तीनदा गरम करायला मी काय तुझी मोलकरीण आहे? बूट कुठे टाकून आलास? आणि पाय लांब ठेव माझ्यापासून, सांगून ठेवते."

उंबऱ्यावरचं पाऊल तिथेच होतं. मग स्टुलाच्या पुढ्यात, चुलीच्या राखेत, दोन पावलं शेजारी-शेजारी उमटली. बसलेल्या माणसाची असतात तशी. ती तिथे उभी राहिली आणि घागऱ्याच्या घेराने ती झाकून टाकली.

सातुका उठून तिच्याजवळ आली. तिने सुनेच्या कानाला तोंड लावलं. "पोरी, असं नको करू… मेलेल्याला वाढ. मेलेल्याला उद्या निरोप देता येतो. जिवंताला कसला निरोप? तो जाणार कसा मग?"

"ठाऊक आहे," बासिलिया म्हणाली.

"हे कोणासाठी?" लासेननी विचारलं. पेन उघडलेलं होतं.

"नवऱ्यासाठी."

"मग हे मेज मांडणंच झालं." साहेबांनी दारात जाऊन समोरच्या घरातून एवारिस्तोला हाक मारली. "तुम्ही साक्षीदार. या बाईंनी नवऱ्याला वाढलंय."

एवारिस्तो आत आला. त्याने मेज पाहिलं, स्टूल पाहिलं, वाटी पाहिली. बासिलियाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हाताऱ्याने टोपी काढली. मग मात्र सावरला.

"साहेब, रस्सा गरम आहे. मेलेल्याला गरम वाढत नाहीत. बाहुली नाही, शिडी नाही, भट्टीवर नाव पुकारलेलं नाही. आणि ही तर शिव्या घालतेय! मेलेल्याला कोण शिव्या घालतं? ही बाई नवऱ्याची वाट बघतेय. वाट बघायला तुमच्या करारात मनाई आहे का?"

लासेन हसू लागले, आणि हसताना त्यांच्या तोंडून वाफ निघाली. चूल धडधडत होती, तरीही. त्यांनी खाली पाहिलं. पत्र्याच्या वाटीतला रस्सा, जो आत्ता उकळत होता, त्यावर कडेकडेने बर्फाची साय धरत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ती मधोमध येऊन मिळाली. साहेबांनी कागद गोळा केले. एक खाली पडला, तो उचलायला ते वाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाराला वस्तीने आपल्या मृतांना निरोप दिला. चौकात मेजावरचं अन्न वाटलं, गाणी म्हटली. बासिलियाने आतलं दार उघडून धरलं. फरशीवर पावलं उमटत गेली, म्हातारी, मोठी, दोन अगदी लहानशी. सासऱ्यांची फेंगडी पावलं तिने ओळखली आणि मान लववली. शेवटचं पाऊल गेल्यावरही ती दार धरून उभी राहिली. करंगळी नसलेलं एकही नव्हतं. घड्याळात एक वाजला तेव्हा तिने खटका ओढला.

तिसरं वर्ष सरलं. फेर्मिनचं मेज आता कुणी कधीच मांडू शकणार नाही, तो कराराच्या हिशोबाने कायमचा बाहेर, बिल्ला कायमचा खुंटीवर, आणि वस्तीची हवा कायमची चालू. लासेन पहिल्या जहाजाने गेले. चौकात दोन दिवस नाच चालला. लोकांनी बासिलियाला खांद्यावर घेतलं, तिच्या हाताचं चुंबन घेतलं. 'चारशे माणसांसाठी केलंस गं,' म्हणाले. ती हसली. कशासाठी केलं ते तिचं तिला ठाऊक होतं. त्या क्षणी चारशेतला एकसुद्धा तिच्या डोळ्यांपुढे नव्हता.

ती रोज त्याला वाढते. गरम वाढते, रागावते. वाटीवर रोज साय धरते. रात्री दिवा मालवला की स्टुलाच्या बाजूने श्वास ऐकू येतो. पहिल्या रात्री तिला आनंदाने रडूच फुटलं होतं. मग ती नीट ऐकू लागली. तो झोपलेल्या माणसाचा श्वास नव्हता. आखूड, घाईचा, मध्येच अडकणारा. हवा संपत आलेल्या बोगद्यात माणूस घेतो तसा. संपत येतो, संपत येतो, आणि संपत नाही.

"सोड गं त्याला," सातुका अंधारात म्हणते.

"आता कसं सोडू?" बासिलिया म्हणते. आणि ते खरंच आहे. निरोपाची वेळ टळून गेली.

एवढं मात्र तिने सासूलाही सांगितलेलं नाही. स्टूल रोज सकाळी तिच्या बिछान्याच्या दिशेने वीतभर सरकलेलं असतं. पहिल्या दिवशी तिने ते उचलून चुलीपाशी परत ठेवलं होतं. आता ठेवत नाही. काल झोपताना तिने पांघरुणातून पाय बाहेर काढले, स्टुलाकडे लांब केले, आणि डोळे मिटून तशीच पडून राहिली.